मदत हवी आहे: नवीन फिशटँकमधले गोल्डफिश मरत आहेत, कोणतं औषध टाकू? (नागपूर)

अनघा_मनीषनगर:
अर्जंट आहे, प्लीज लवकर सांगा. मुलाच्या वाढदिवसाला फिशटँक आणला. सहापैकी दोन गोल्डफिश गेले, पहिला बुधवारी आणि दुसरा आज सकाळी. तिसरा वर येऊन तोंड उघडून राहिला आहे, खाली जातच नाही. दुकानदाराने निळं औषध दिलं होतं, ते काल टाकलं. पाणी निळं झालं, बाकी काही फरक नाही. मुलगा शाळेला सुट्टी असल्यामुळे दिवसभर टँकसमोरच बसून असतो, आज तर जेवलाही नाही. दुसरं कोणतं चांगलं औषध आहे, तेवढं नाव सांगा. आज संध्याकाळी बर्डीवर जाणार आहे, तिथून घेऊन येते.

बेसा_मिलिंद:
ताई, टँक केवढा आहे? कधी लावला? फिल्टर आहे का?

अनघा_मनीषनगर:
मध्यम आहे. फिल्टर आहे, सोबतच मिळाला. औषधाचं नाव सांगता का?

प्रतापनगरचे_काका:
औषध वगैरे काही नको. हा उन्हाचा त्रास आहे. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तिथे माशाचं काय होणार? गोल्डफिश हा थंड पाण्यातला मासा. मी दुपारी बर्फाचे सात-आठ खडे टाकत असे, मासे लगेच ताजेतवाने होत. तीस वर्षं मासे पाळले आहेत.

शुभांगी_म:
काका, असा एकदम बर्फ टाकू नका हो, पाणी झटक्यात गार झालं की मासा आणखी आजारी पडतो. अनघा, तू नळाचं पाणी वापरतेस का? मी पहिल्यापासून आरओचंच पाणी टाकते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्यानेच मरत असतील.

बेसा_मिलिंद:
नुसतं आरओचं पाणी चालत नाही. त्यातले क्षार निघून गेलेले असतात, त्यामुळे पाण्याचा पीएच सांभाळला जात नाही, कधीही घसरतो. गोल्डफिशला तर थोडं जड पाणीच मानवतं. नळाचं पाणी घ्यायचं आणि त्यातलं क्लोरीन काढायचं.

शुभांगी_म:
माझे मासे दोन वर्षं झाली, मस्त आहेत.

बेसा_मिलिंद:
तुमच्याकडे कोणते मासे आहेत?

शुभांगी_म:
एक फायटर आहे.

सिव्हिललाइन्सकर:
टँक घरात कोणत्या दिशेला ठेवलाय? ईशान्येला किंवा उत्तरेला हवा. आणि सहा मासे ठेवू नयेत, नऊ ठेवावेत, आठ सोनेरी आणि एक काळा. आमच्या घरी दिशा बदलल्यावर फार फरक पडला.

बेसा_मिलिंद:
आहेत तेवढ्यांनाच जागा पुरत नाहीये, त्यात आणखी मासे नका सुचवू, कळकळीची विनंती आहे. दिशेचं म्हणाल तर खिडकीतून थेट ऊन येणार नाही एवढं पाहिलं की झालं.

फुटाळाकाठ:
अनघाताई, मी तेलंखेडीच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात शिकले आहे. माशाची लक्षणं तुम्ही नीट सांगितली, आता टँकचं सांगा. "मध्यम" म्हटल्याने काही कळत नाही, टेप लावून लांबी, रुंदी, उंची मोजा. टँक कितव्या दिवसावर आहे? पाणी कधी, किती आणि कुठलं बदललं? फिल्टर दिवसभर चालू असतो का? दिवसातून किती वेळा दाणे देता? आणि जो मासा वर आहे त्याचे कल्ले पाहा, लाल-तपकिरी दिसतात का? आणि दुसरं कुठलंही औषध आज आणू नका.

अनघा_मनीषनगर:
मोजला. १८ इंच लांब, १० रुंद, १२ उंच. आज अकरावा दिवस आहे. पाण्याचं म्हणाल तर मी स्वच्छतेत अजिबात कमी केलेलं नाही. दर दोन दिवसांनी पूर्ण पाणी काढते, खडे आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली चांगले चोळून धुते, साबण लावत नाही. पाणी वरच्या टाकीचंच आहे. फिल्टर रात्री बंद ठेवतो, आवाजाने सासूबाईंची झोप मोडते. दाणे मुलगा देतो, चार-पाच वेळा देत असेल. कल्ले लालच आहेत, कडेला जरा काळपट. स्वच्छ ठेवूनही असं का होतंय, खरंच कळत नाही. फार वाईट वाटून राहिलंय.

फुटाळाकाठ:
ताई, वाईट वाटून घेऊ नका, नव्या टँकमध्ये बहुतेकांकडून हेच होतं. आजार माशांना नाही, पाण्याला आहे.

मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो, उरलेले दाणे कुजून त्यात भर पडते. जुन्या टँकमध्ये स्पंजवर आणि खड्यांवर जिवाणू वाढलेले असतात. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेट बरंचसं निरुपद्रवी असतं, आठवड्याला थोडं पाणी बदललं की जातं. हे जिवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तुम्ही दर दोन दिवसांनी खडे-स्पंज नळाखाली चोळता, तेव्हा क्लोरीनच्या पाण्याने ते धुऊन जातात. रात्री फिल्टर बंद झाला की प्राणवायूविना आणखी मरतात. म्हणजे अकराव्या दिवशीही तुमचा टँक पहिल्याच दिवसावर आहे.

तुमच्या मापाने टँक काठोकाठ भरला तरी ३५ लिटर होतो. खडे आणि वरची मोकळी जागा सोडली तर पाणी ३० लिटरच. त्यात सहा गोल्डफिश, म्हणजे एका माशामागे पाच लिटर. दुकानात दोन इंचांचा दिसतो तो मासा वाढून वीतभर होतो.

काकांचं ऊन काही चूक नाही. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. शिवाय गरम पाण्यात अमोनियाचा विषारी भाग वाढतो. पीएच ७ चा ८ झाला तर तो जवळपास दहापट होतो. म्हणून मासा वर येऊन तोंड उघडतो.

वऱ्हाडी_बाणा:
बरोबर सांगून राहिल्या ताई. एक विचारतो, वरच्या टाकीचं पाणी कोणत्या वेळी भरता? आमच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी दोन वाजता हात लावू देत नाही.

अनघा_मनीषनगर:
दुपारीच भरते हो, सकाळी वेळ कुठे असतो. अरे देवा.

प्रतापनगरचे_काका:
पाहा, मी ऊनच म्हणत होतो.

फुटाळाकाठ:
हो काका, तुमचं बरोबर होतं, फक्त बर्फाचे खडे नकोत. टँकचं झाकण काढून पाण्यावर टेबलफॅनचा वारा सोडा. आपली हवा मे महिन्यात इतकी कोरडी असते की पाणी उडून दोन-तीन अंश सहज उतरतात. खोलीत कूलर चालू असेल तर हवा दमट होते, मग एवढा फरक पडत नाही. मासा उडी मारू नये म्हणून वर जाळी ठेवा.

ताई, आज एवढंच करा. रात्री बादलीत पाणी भरून घरातच सावलीत ठेवा. त्यात अँटीक्लोरीनचे थेंब टाका, हायपोचे खडे मिळतात तेच ते. सकाळी टँकमधलं एक चतुर्थांश पाणी काढून हे हळूहळू घाला. दोन्ही पाणी हाताला सारखं लागलं पाहिजे. पूर्ण पाणी बदलायचं नाही. स्पंज आणि खड्यांना हात लावायचा नाही. फिल्टर चोवीस तास चालू. दाणे दोन दिवस अजिबात नकोत, त्यानंतर दिवसाआड चिमूटभर. मासा आठवडाभर सहज उपाशी राहू शकतो, हे मुलाला आवर्जून सांगा. निळं औषध त्या जिवाणूंवरही घाव घालतं, ते आता पुन्हा टाकू नका. बर्डीवर जाणारच आहात तर अमोनिया मोजायचं किट आणा, औषधाला काही पैसे घालवू नका.

शुभांगी_म:
मला पण आरओबद्दल विचारायचं होतं, फायटरला चालेल ना मग?

वऱ्हाडी_बाणा:
माशांचं चाललंच आहे तर, कूलरच्या पाण्यात डासाच्या अळ्या झाल्या असतील तर गप्पी मासे सोडा. हिवताप विभागाकडे फुकट मिळतात. आमच्या कूलरच्या टबात दहा सोडले, आता एक अळी सापडत नाही. कूलर घासाल तेव्हा आधी डब्यात काढून ठेवायचे.

बेसा_मिलिंद:
शुभांगीताई, फायटरला मऊ पाणी सोसतं, तरी निम्मं नळाचं मिसळा. अनघाताई, माझा टँक चार वर्षांचा आहे. त्यातला एक स्पंज तुम्हाला देतो, टँकच्याच पाण्यात बुडवून पिशवीत आणीन. तासाभरात तुमच्या फिल्टरमध्ये बसवायचा, वाटेत सुकू द्यायचा नाही, नळाखाली धरायचा नाही. जिवाणू आयतेच येतील. आणि दोन मासे मी माझ्याकडे नेतो, माझा चार फुटी टँक आहे, त्यात ऐसपैस राहतील. उद्या संध्याकाळी सहाला चालेल?

अनघा_मनीषनगर:
चालेल दादा. खूप खूप आभार. पत्ता निरोपातून पाठवते.

अनघा_मनीषनगर:
चार दिवसांनी लिहिते आहे. आणखी एक मासा गेला, त्याच रात्री, जो वर होता तोच. त्यानंतर कोणी गेलं नाही. मिलिंददादांनी दोन नेले, आमच्याकडे एक राहिला. त्यांनी आणलेला स्पंज पाहून सासूबाई म्हणाल्या, इतका घाण कशाला लावतेस? तपकिरी, बुळबुळीत, पावसातल्या मातीसारखा वास. लावला. पहिल्या दिवशी किटची नळी गर्द हिरवी झाली होती, आज पिवळ्याला टेकलेली फिकट हिरवी आहे. पंखा लावल्यापासून पाणी ३३ वरून ३० वर आलं. मासा तळाशी फिरतोय, खडे तोंडात घेऊन परत टाकतोय. मुलाने कॅलेंडरवर दाणे द्यायच्या दिवशी खूण करून ठेवली आहे. फिल्टर आता चोवीस तास चालू असतो, त्याच्याखाली जुनी रबरी पायपुसणी घडी करून ठेवली, आवाज बराच कमी झाला. आता नवीन मासे कधी आणू?

फुटाळाकाठ:
इतक्यात नको. अमोनिया उतरला की आता नायट्राइट चढेल, त्याचंही किट आणा. चढलं तर ३० लिटरला ३० ग्रॅम खडे मीठ थोड्या पाण्यात विरघळवून दोन वेळात विभागून घाला, आणि पाणी बदलाल तेवढ्याच प्रमाणात पुन्हा. टँकमध्ये वनस्पती लावल्या असतील तर मिठाआधी मला विचारा. दोन्ही किटवर सलग आठवडाभर शून्य आल्याशिवाय मासा आणू नका. आणि तेव्हाही या टँकमध्ये दुसरा गोल्डफिश नको. हा मोठा झाला की यालाही मोठी जागा लागेल.

वऱ्हाडी_बाणा:
गप्पी आणा ताई. दोन आणा, महिन्याभरात वीस होतात.

फुटाळाकाठ:
म्हणूनच सगळे नर आणायचे, पण तेही गोल्डफिश दुसरीकडे हलवल्यावर, दोघांना एकच पाणी मानवत नाही. आणि ताई, जूनमध्ये पहिला पाऊस झाल्यावर नळाला गढूळ पाणी आलं तर त्या दिवशी टँकमध्ये घालू नका, आधी भरून ठेवलेल्या बादलीचं वापरा.

अनघा_मनीषनगर:
दोन बादल्या आजच भरून ठेवते.