हॉटेलात लेजिओनेला: वेगवेगळ्या देशांतले रुग्ण युरोपात एकमेकांशी कसे जोडले जातात?

साथसूत्र:
समजा, फिनलंडचा एक पर्यटक ग्रीसमधल्या एका हॉटेलात आठवडाभर राहून घरी परतला. पाचव्या दिवशी ताप, खोकला आणि न्युमोनिया झाला, लघवीच्या चाचणीत लेजिओनेला हा पाण्यात वाढणारा जिवाणू निघाला. पाच महिन्यांनी नेदरलँड्सची एक बाई त्याच हॉटेलातून परतल्यावर तशीच आजारी पडली. दोन्ही दवाखान्यांना एकमेकांची खबर नाही आणि हॉटेल तिसऱ्याच देशात आहे.

ही दोन टोकं नेमकं कोण जुळवतं? त्यानंतर ग्रीसला काय करावं लागतं आणि किती दिवसांत? आणि अशा वेळी युरोपीय संघाची पूर्वसूचना यंत्रणा, म्हणजे ईडब्ल्यूआरएस, वापरतात का?

नोंदवही:
टोकं जुळवतं ते एल्डस्नेट, म्हणजे लेजिओनेअर्स आजारासाठीचं (लेजिओनेलामुळे होणाऱ्या न्युमोनियासाठीचं) युरोपीय सर्वेक्षण जाळं. ते ईसीडीसी, म्हणजे युरोपीय रोग प्रतिबंध आणि नियंत्रण केंद्र चालवतं, स्टॉकहोमजवळच्या सोल्ना इथून. ही योजना ईसीडीसीपेक्षा जुनी आहे: 1987 पासून ती युरोपातल्या तज्ज्ञांच्या एका गटाकडे होती आणि एप्रिल 2010 मध्ये ईसीडीसीकडे आली. प्रवासाशी जोडलेल्या आजारासाठी सुरुवात झाली ती उगाच नाही. एका देशात लागण, दुसऱ्यात निदान असं झालं की दोघांनाही आपल्याकडे एकच सुटा रुग्ण दिसतो, आणि सुट्या रुग्णावरून कुणी हॉटेलचं पाणी तपासायला जात नाही.

क्रम असा: दवाखाना किंवा प्रयोगशाळा आपल्या देशाच्या आरोग्य संस्थेला कळवते. संस्था रुग्णाच्या लक्षणांचा पहिला दिवस निश्चित करते आणि त्याआधीच्या 2 ते 10 दिवसांत तो कुठे कुठे मुक्कामाला होता ते विचारते. हॉटेल, कॅम्पिंगची जागा, क्रूझ जहाज, भाड्याची खोली, पैसे देऊन राहिलेली प्रत्येक जागा नोंदवायची. तीन हॉटेलं झाली असतील तर तिन्ही लिहायची, 'बहुधा हेच असेल' म्हणून एक निवडायचं नाही. नातेवाईकांच्या घरचा मुक्काम यात धरत नाहीत. रुग्णाचं नाव युरोपीय नोंदीत जात नाही. वय, लिंग, लक्षणांचा दिवस, चाचणीचा प्रकार, मुक्कामाच्या तारखा, हॉटेलचं नाव-पत्ता आणि शक्य असेल तर खोली क्रमांक जातो.

नवी नोंद आली की तिच्यातली जागा जुन्या नोंदींशी ताडली जाते. पहिल्या रुग्णाच्या वेळीही ग्रीसला कळवलं जातंच, आणि हॉटेलला पाणीव्यवस्थेची तपासयादी पाठवण्याची शिफारस असते. पण त्याच जागेशी जोडलेला दुसरा रुग्ण दोन वर्षांच्या आत निघाला की त्याला 'क्लस्टर' म्हणतात आणि घड्याळ सुरू होतं. दोन आठवड्यांत ग्रीसने 'ए' फॉर्म पाठवायचा: जोखमीची तपासणी झाली का, उपाय सुरू झाले का. सहा आठवड्यांत 'बी' फॉर्म: नमुन्यांत काय निघालं, काय दुरुस्त केलं. फॉर्म वेळेत आला नाही किंवा उपाय समाधानकारक नाहीत असं त्यात असेल, तर हॉटेलचं नाव ईसीडीसीच्या संकेतस्थळावर लागतं. दंड करायचा अधिकार ईसीडीसीला नाही, पण पर्यटनाच्या धंद्यात या यादीचा वचक पुरेसा असतो.

तीन महिन्यांत तीन किंवा अधिक रुग्ण झाले तर तो वेगाने वाढणारा क्लस्टर. त्याची गत वेगळी, तिथे सहा आठवडे वाट बघत कुणी बसत नाही.

गोंधळ बहुतेक वेळा पत्त्यात होतो. एकाच साखळीची सारख्या नावांची तीन हॉटेलं एकाच गावात असतात, ग्रीक नावाचं रोमन स्पेलिंग दोन देश दोन तऱ्हांनी लिहितात, किंवा मधल्या काळात हॉटेलचं नाव बदललेलं असतं. मग दोन रुग्ण दोन जागांवर पडतात आणि क्लस्टर दिसतच नाही. बुकिंगच्या पावतीवरून पूर्ण पत्ता उतरवून घ्या, रुग्णाच्या आठवणीवर सोडू नका. तो तर अनेकदा अतिदक्षता विभागात असतो.

बेडका_हवा:
वरच्या उत्तराला प्रयोगशाळेची बाजू जोडतो. लघवीतली प्रतिजन चाचणी झटपट होते, पण ती मुख्यतः लेजिओनेला न्युमोफिला या जातीचा सिरोगट 1 (सिरोगट म्हणजे प्रतिजनांवरून पाडलेला उपगट) पकडते. दुसऱ्या सिरोगटाचा रुग्ण तिच्यातून निसटू शकतो. दुसरी अडचण जास्त मोठी: लघवीतून जिवाणू वाढवता येत नाही. तो हातात नसेल तर हॉटेलच्या नळातल्या जिवाणूशी तुलना कशाची करणार? म्हणून लघवीची चाचणी सकारात्मक आली तरी बेडका किंवा श्वासनलिकेतला स्राव कल्चरला, म्हणजे जिवाणू वाढवून बघायला, पाठवाच, शक्यतो प्रतिजैविक सुरू करण्याआधी. मात्र नमुन्यासाठी उपचार थांबवू नका, डोस सुरू झाल्यावर घेतलेल्या नमुन्यातही वाढ मिळू शकते. प्रयोगशाळेला 'लेजिओनेला' असं स्पष्ट लिहून द्या, नेहमीच्या माध्यमावर तो वाढत नाही. बीसीवायई आगर हे खास माध्यम लागतं आणि प्लेट दहा दिवस ठेवावी लागते.

जुळणीचा अर्थही जपून लावा. सात जनुकांवरून ठरणारा क्रमप्रकार (एसटी) रुग्णाकडे आणि हॉटेलच्या पाण्यात सारखा आला आणि तो एसटी1 किंवा एसटी47 निघाला, तर त्याचं वजन कमी, कारण हे प्रकार पुष्कळ ठिकाणी सापडतात. तिथे संपूर्ण जनुकसंचाचा क्रम लावल्याशिवाय बोलू नये. 2011 मध्ये जर्मनीत ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूच्या ओ104:एच4 प्रकाराचा उद्रेक झाला तेव्हा अशीच घाई झाली. स्पेनच्या काकड्यांवर विषारी ई. कोलाय सापडला म्हणून त्यांच्यावर बोट ठेवलं गेलं, पण तो रुग्णांमधला प्रकार नव्हता. दोष अखेर मोड आलेल्या बियांकडे गेला. फ्रान्समध्ये बोर्दोजवळच्या रुग्णांमध्येही तोच प्रकार निघाला आणि दोन्ही ठिकाणचा समान दुवा इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांचा ठरला. तोवर स्पेनच्या शेतकऱ्यांचं नुकसान होऊन गेलं होतं.

साथसूत्र:
दोघांचेही आभार. मग हॉटेलने आधी क्लोरीन टाकून टाकी धुतली आणि नंतर नमुने घेतले तर चालतं का? 'बी' फॉर्म तर स्वच्छच जाईल.

पाणी_आणि_पाइप:
चालत नाही, आणि घाबरलेलं व्यवस्थापन नेमकं हेच करतं. नमुने आधी, निर्जंतुकीकरण नंतर. रुग्णाची खोली, बॉयलरचा निर्गम आणि परतीची नळी, टाकीपासून सर्वांत लांबचा नळ, आणि कारंजं किंवा जकुझी असेल तर तेही घ्या. प्रत्येक ठिकाणी एक लिटर, बाटलीत सोडियम थायोसल्फेट, नाहीतर उरलेलं क्लोरीन वाटेतच जिवाणू मारतं. नळ उघडताक्षणीचं पाणी तोटीची अवस्था सांगतं, वाहू दिल्यानंतरचं पाणी आतल्या नळ्यांची. दोन्ही घ्या आणि बाटलीवर तसं लिहा.

प्रत्येक नमुन्यासोबत तापमान नोंदवा. निम्मं निदान तिथेच होतं. लेजिओनेला साधारण 20 ते 45 अंशांत वाढतो. गरम पाणी टाकीत 60 अंश, परतीच्या नळीत किमान 50 आणि नळाला मिनिटभरात 50 अंश यायला हवं. थंड पाणी 20 च्या खाली. टाकीत 60 आणि लांबच्या खोलीत 41 मिळत असेल तर फिरतं पाणी तिथवर पोचतच नाही: पंप बंद आहे, व्हॉल्व्ह चुकीचा लावलाय किंवा बंद टोकाची नळी मधेच राहिली आहे. अशा नळीतल्या चिकट थराला क्लोरीनचा एक मोठा डोस वरवर मारतो आणि काही आठवड्यांत आकडा पुन्हा चढतो. बंद टोक कापून काढा. 60 अंशांचं पाणी भाजतं, त्यामुळे गरम-थंड पाणी मिसळणारा मिश्रक व्हॉल्व्ह नळाच्या अगदी जवळ बसवा, मजल्याच्या सुरुवातीला नाही.

हंगामी हॉटेलांचं वेगळं. हिवाळाभर बंद खोल्यांमधलं पाणी तसंच साचून राहतं. पहिला पाहुणा येण्याआधी पूर्ण व्यवस्था निर्जंतुक करा आणि चालू हंगामातही रिकाम्या खोल्यांचे सगळे नळ आठवड्यातून एकदा काही मिनिटं सोडा. शॉवरचं पाणी सोडताना फवारा श्वासात जाऊ देऊ नका.

नोंदवही:
ईडब्ल्यूआरएसचं राहिलं होतं. साध्या दोन-रुग्णी क्लस्टरला त्याची गरज पडत नाही. 2022 च्या नियमाप्रमाणे (क्रमांक 2022/2371) धोका असामान्य असेल किंवा त्यात आजारी पडणाऱ्यांचं वा मृतांचं प्रमाण मोठं असेल, तो झपाट्याने वाढत असेल किंवा देशाच्या आवाक्याबाहेर जाईल असं दिसत असेल, एकाहून अधिक सदस्य देशांना त्याची झळ बसू शकेल आणि संघपातळीवर एकत्र कारवाई लागू शकेल, तेव्हा कळल्यापासून 24 तासांच्या आत सूचना द्यावी लागते. ती सरकारी यंत्रणांमधली औपचारिक वाट आहे. संपर्कातल्या व्यक्तींचे तपशील फक्त संबंधित देशांनाच पाठवायची निवडक संदेशसोयही तिच्यात आहे. तज्ज्ञांची रोजची चर्चा आणि आकडे 2021 पासून ईसीडीसीच्या एपिपल्स या ऑनलाइन मंचावर असतात.

रुग्ण युरोपबाहेरचा रहिवासी असेल तर त्याच्या देशाशी आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीखालच्या राष्ट्रीय संपर्क केंद्रामार्फत बोलता येतं. तीच माहिती एल्डस्नेटला मिळाली तर तो रुग्णही त्या हॉटेलच्या खात्यावर मोजता येतो, म्हणून ती पाठवणाऱ्याने मुक्कामाच्या तारखा आणि पूर्ण पत्ता पहिल्याच संदेशात घालावा.