मदत हवी आहे: कॉलेजचा ऑनलाइन प्रवेश अर्ज दिव्यांग विद्यार्थ्यांना स्वतः भरता यावा, यासाठी काय बदलायचं? (नाशिक)

प्रवेशकक्ष
नमस्कार मंडळी. गंगापूर रोड भागातल्या एका अनुदानित वरिष्ठ महाविद्यालयाच्या अर्जाचं काम आहे. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. प्रथम वर्ष. अर्ज पीएचपीत आहे, बाहेरच्या व्हेंडरने केलेला. पाच पानं: वैयक्तिक माहिती, पत्ता, गुण, कागदपत्रं, फी. बारावीचा निकाल लागला की अर्ज सुरू होतात, त्यामुळे सगळं मोडून नव्याने करायला वेळ नाही.

स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणारे विद्यार्थी पत्त्याच्या पानावर अडकतात, जिल्ह्याच्या रकान्यापुढे जाताच येत नाही अशी तक्रार आहे. व्हेंडरचं म्हणणं, "कोपऱ्यात ॲक्सेसिबिलिटीचं विजेट टाकतो, अक्षरं लहानमोठी होतील, रंग बदलेल, विषय संपला." हे पटत नाहीये. शिवाय:
१) माहितीपत्रक श्री-लिपीत टाइप केलेलं पीडीएफ आहे. चालेल का?
२) दिव्यांगत्वाची माहिती अर्जात नेमकी काय आणि कशी विचारावी?

टॅबकी
विजेटला सरळ नाही म्हणा. ज्याला कमी दिसतं त्याच्या फोनवर आणि संगणकावर अक्षरं मोठी करायची सोय आधीपासून असते, तो तीच वापरतो. अंध विद्यार्थ्याला रंग बदलून काही मिळत नाही. अडचण खालच्या कोडमध्ये आहे आणि विजेट तिथे पोचत नाही.

पत्त्याच्या पानाचं निदान पाहिल्याशिवायही करता येतं. जिल्हा निवडला की तालुक्यांची यादी भरण्यासाठी पान रीलोड होत असणार. माउसवाल्याला ते जाणवत नाही, कारण तो थेट 'नाशिक'वर क्लिक करतो. कीबोर्डवाला खालचा बाण दाबतो, आणि बंद यादीत प्रत्येक बाणाला 'निवड बदलली' असा संदेश जातो. म्हणजे पहिल्याच बाणाला अकोला निवडला जातो, पान रीलोड होतं, फोकस (कीबोर्ड सध्या ज्या जागेवर आहे ती) पानाच्या डोक्यावर जातो आणि स्क्रीन रीडर मथळ्यापासून पुन्हा वाचू लागतो. महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांत नाशिकपर्यंत पोचणार कधी? विद्यार्थ्यांसाठी तात्पुरता उपाय: ऑल्ट धरून खालचा बाण दाबा, यादी उघडेल, मग बाणांनी फिरा आणि शेवटी एंटर. पण दुरुस्ती तुमच्याच बाजूला हवी. पान रीलोड न करता फक्त तालुक्यांची यादी बदला आणि फोकसला हात लावू नका.

बाकी तपासणी अशी करा. माउस काढून ठेवा आणि टॅब, शिफ्ट-टॅब, स्पेस, एंटर, बाण एवढ्यावर पहिल्या पानापासून फीच्या पावतीपर्यंत जा. जिथे अडाल ती जागा लिहून ठेवा. फोकस कुठे आहे हे दिसलंच नाही, तर कोणीतरी सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये) फोकसभोवतीची आउटलाइन शून्य केली आहे. ती ओळ काढा.

मग एनव्हीडीए हा विंडोजवरचा स्क्रीन रीडर उतरवून घ्या, फुकट आहे. एफ दाबत रकान्यांवरून जा. "एडिट, रिकामं" एवढंच ऐकू आलं तर रकान्याला लेबल जोडलेलं नाही. डोळ्यांना शेजारी 'आईचे नाव' दिसतं, पण लेबलमधला 'फॉर' आणि रकान्याचा 'आयडी' एक नसेल तर यंत्राला त्यांचं नातं कळत नाही. रकान्याच्या आत फिकट राखाडीत लिहिलेली सूचना हे लेबल नव्हे. टाइप करू लागलं की ती गायब होते. होय-नाहीची रेडिओ बटणं 'फील्डसेट' या गटाच्या टॅगमध्ये घाला आणि प्रश्न त्याच्या 'लेजंड'मध्ये, म्हणजे मथळ्यात, नाहीतर नुसतं "होय, नाही, होय, नाही" ऐकू येतं, कशाचं ते नाही.

चुकांचे संदेश ही सगळ्यात दुर्लक्षित जागा. "कृपया लाल रकाने भरा" हे वाक्य अंध आणि रंगांध दोघांच्याही उपयोगाचं नाही. सबमिटनंतर चुकांची यादी वर दाखवा, फोकस तिथे न्या, प्रत्येक ओळ त्या त्या रकान्याची लिंक करा. मजकूर असा हवा: "जन्मतारीख: महिना १ ते १२ मधला लिहा." आणि भरलेली माहिती पुसू नका!

अनुस्वार
श्री-लिपीबद्दल: चालणार नाही. श्री-लिपी, कृतिदेव यांचे जुने फॉन्ट युनिकोड (सगळ्या लिपींसाठीची सामायिक संगणक-संकेतपद्धती) नाहीत. पडद्यावर 'प्रवेश' दिसतं, पण फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी असते, आणि स्क्रीन रीडर तीच वाचतो. शोध लागत नाही, कॉपी होत नाही. छापील पत्रक स्कॅन करून चढवलं तर आणखी वाईट, कारण ते नुसतं चित्र.

मूळ फाइल असेल तर मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा आणि मग डोळ्यांखालून घाला. रफार, जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी हमखास इकडेतिकडे होतात. फीचा तक्ता आणि तारखा हातानेच तपासा. माझ्या मते पीडीएफच्या मागे न लागता पात्रता, फी, तारखा साध्या वेबपानावर टाकाव्यात. फोनवर तेच नीट वाचता येतं. पानाच्या एचटीएमएल टॅगमध्ये भाषा मराठी असल्याचं नमूद करा. व्हेंडर बहुधा टेम्प्लेटमधली इंग्रजी तशीच ठेवतात आणि मग कित्येक ठिकाणी मराठीला इंग्रजी आवाज लागतो. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक या बोलणाऱ्या आवाजात मराठी आहे. उच्चार यंत्राचेच, पण कळतात.

सातपूरकर
दुसऱ्या प्रश्नाचं. बऱ्याच अर्जांत अजून अंध, मूकबधिर, अस्थिव्यंग असे तीनच पर्याय असतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आहेत, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे. सुरगाणा-पेठकडच्या आदिवासी भागातला सिकलसेलचा विद्यार्थी त्या तीनांत कुठे बसवणार? यादी पूर्ण द्या, एकाहून जास्त निवडता येऊ द्या.

यूडीआयडी (दिव्यांगांचं देशपातळीवरचं ओळखपत्र) क्रमांकाचा रकाना केवळ आकडे घेणारा ठेवू नका. क्रमांक १८ चिन्हांचा असतो आणि सुरुवातीला राज्याची अक्षरं असतात. तो सक्तीचाही नको. कार्ड यायचं असेल, त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात तपासणी व्हायची असेल, तर नोंदणीची पावती तात्पुरती चालू द्या.

आता मुख्य गोष्ट. आरक्षण आणि सोयी हे दोन वेगळे प्रश्न ठेवा. कलम ३२ प्रमाणे शासकीय आणि अनुदानित संस्थांत किमान ५ टक्के जागा आणि वयोमर्यादेत ५ वर्षांची सूट आहे, त्यासाठी ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. पण ३० टक्केवाल्यालाही मोठ्या अक्षरांतली प्रश्नपत्रिका किंवा तळमजल्यावरचा वर्ग लागू शकतो. 'टक्केवारी ४० पेक्षा कमी' भरली की सोयींचा भाग लपवणारे अर्ज असतात, तसं करू नका. "तुम्हाला काय लागेल?" असं थेट विचारा: लेखनिक, सांकेतिक भाषेचा दुभाषी, रॅम्प किंवा लिफ्ट, मजकूर युनिकोडमध्ये, आणि एक मोकळा रकाना. ही माहिती गुणवत्ता यादीसोबत फळ्यावर लागणार नाही याचीही काळजी घ्या.

प्रवेशकक्ष
खूप आभार. टॅबकी, अंदाज बरोबर निघाला, जिल्हा बदलला की पान रीलोडच होतंय. आता कॅप्चा (अर्ज भरणारा यंत्र नसून माणूस आहे हे तपासणारं कोडं), ओटीपी, जन्मतारखेचं कॅलेंडर आणि फोटो उरले. व्हेंडर म्हणतो सुरक्षेसाठी कॅप्चा काढता येणार नाही.

टॅबकी
ओटीपी असताना कॅप्चा कशाला? एका क्रमांकावर तासाला किती ओटीपी जातील याची मर्यादा घाला, आणि माणसाला न दिसणारा, स्क्रीन रीडरपासूनही लपवलेला एक सापळा-रकाना ठेवा. तो भरला गेला तर अर्ज यंत्राचा. ऐकायचा कॅप्चा हे उत्तर नाही, कर्णबधिर-अंध विद्यार्थी तिथेही बाहेरच राहतो. ओटीपीसाठी सहा सुटे चौकोन नकोत. एकच रकाना द्या, पेस्ट चालू द्या, ओटीपी ईमेलवरही पाठवा.

कॅलेंडर चालू महिन्यावर उघडतं ना? मग १८ वर्षं मागे जायला मागचा बाण २१६ वेळा दाबायचा. दिवस, महिना, वर्ष असे तीन साधे रकाने करा.

सत्र (लॉगिन केल्यापासून आपोआप बाहेर पडेपर्यंतचा वेळ) किती वेळात संपतं ते बघा. स्क्रीन रीडरवर किंवा एका बोटाने टाइप करणाऱ्याला पंधरा मिनिटं पुरत नाहीत. डब्ल्यूसीएजी, म्हणजे संकेतस्थळांच्या सुगम्यतेचं आंतरराष्ट्रीय मानक, सांगतं की वेळ संपण्याआधी सूचना द्या आणि वाढवून घ्यायला किमान २० सेकंद द्या. मी म्हणेन प्रत्येक पान आपोआप सेव्ह करा, म्हणजे उद्या पुन्हा तिथूनच सुरू करता येईल.

फोटोला '५० केबीपेक्षा कमी' अशी अट असेल तर काढा, लहान करण्याचं काम सर्व्हरला द्या. माउसने ओढूनच फोटो कापता येतो असं साधन ठेवू नका. 'फाइल निवडा' हे बटण टॅबने मिळतं का तेही पाहा. सुंदर दिसावं म्हणून खरा रकाना लपवलेला असतो. सहीच्या जागी अंगठा, आणि तोही शक्य नसेल तर पालकाची सही, असे पर्याय लेखी द्या.

शेवटचा बाक
+१. व्हेंडरशी वाद घालण्यापेक्षा कामाच्या आदेशातच लिहा: डब्ल्यूसीएजी २.१, स्तर एए. केंद्र सरकारची संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वंही तोच स्तर मागतात. 'अर्ज दिव्यांगस्नेही असावा' असं मोघम वाक्य टाकलं की विजेटच मिळतं. शिवाय पैशांचा शेवटचा हप्ता कीबोर्ड आणि एनव्हीडीएची चाचणी पार पडल्यावरच.

प्राचार्यांना पटवायचं असेल तर दोन निकाल पुढे ठेवा. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेची मानकं नुसती शिफारस म्हणून ठेवता येणार नाहीत असं म्हटलं. ३० एप्रिल २०२५ च्या प्रज्ञा प्रसून निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोचणं घटनेच्या कलम २१ शी जोडलं.

सातपूरकर
मदतीसाठी केवळ फोन नंबर देऊ नका, कर्णबधिर विद्यार्थी काय करणार? त्याच नंबरवर व्हॉट्सॲप आणि एसएमएस चालू ठेवा. मदतकक्ष तळमजल्यावर हवा. रॅम्प असेल तर चढ १:१२, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी.

आणि संगणकावरच थांबू नका. खेड्यातले बहुतेक अर्ज फोनवरूनच येतात. टॉकबॅक (अँड्रॉइड फोनमधला स्क्रीन रीडर) सुरू करून एक पूर्ण अर्ज भरा, फी भरा. पेमेंटचं पान दुसऱ्याच कंपनीचं असतं, ते अडलं तर तुमच्या हातात काही नसतं. म्हणून चलन काढून बँकेत भरायचा पर्याय चालू राहू द्या आणि पावती पीडीएफसोबत साध्या पानावरही दाखवा.