कथेतली माणसं पुस्तकी बोलतात, काय करू?

गवतीचहा
नमस्कार मंडळी, दोनेक वर्षं नोकरी सांभाळून रात्री जमेल तशा कथा लिहितेय. वर्णन बरं जमतं पण माणसं बोलायला लागली की सगळं बोंबलतं. आत्ताच्या कथेत मुलगा पुण्याहून गावी येऊन आईला सांगतो की शेत विकायचंय, आणि ती म्हणते, "तू जमीन विकण्याचा निर्णय घेतला आहेस हे ऐकून मला अतिशय दुःख झालं." बातम्या देतेय जणू! सगळे संवाद बोलीत करू का? पण मी वाढले डोंबिवलीत, बोली आईची, कऱ्हाडकडची, मला धड येत नाही. यंदा दिवाळी अंकाला पाठवायचीये, त्यामुळे घाईपण आहे.

निवांतकाका
येत नसेल तर उगाच न्हाय-व्हय पेरू नकोस, वगनाट्यातला गडी होतो त्याचा. आणि घोळ बोलीचा नाहीचे गं, तुझी आई मनातलं सगळं सरळ सांगून टाकते हा घोळ आहे. शेत विकायचं म्हटल्यावर ती आधी भाकरी वाढेल, मग तव्याकडे बघत विचारेल, "बांधावरच्या आंब्याचं काय मग?" बास. दुःखबिःख वाचणाऱ्याला कळतं. आईशी फोनवर बोलतेस ना, फोन ठेवल्या ठेवल्या तिची चार वाक्यं जशीच्या तशी लिहून काढ. शब्दांपेक्षा क्रम बघ, आपण "तू त्याला फोन केलास का" लिहितो आणि बोलताना "केलास का फोन त्याला" म्हणतो.

खोडरबर
काकांशी अर्धा सहमत. निवेदन प्रमाण आणि संवाद बोलीत हे मराठीत कधीपासून चालत आलंय, त्यामुळे घाबरून सोडू नका, फक्त त्या भागातल्या कुणाला तरी वाचून दाखवा, चुका तोंडावर मारतील.

जुनी_रद्दी
घाईबद्दल बोलते. दिवाळी अंक १९०९ पासून निघतायत, पुढच्या वर्षीही निघतील. सत्यकथा मासिकात संपादक राम पटवर्धन लेखकांना पत्रं लिहून लिहून कथा पुन्हा लिहायला लावायचे, आता तसं कोण सांगत बसणार, बऱ्याच ठिकाणी होकार नाहीतर शांतता, म्हणून ते काम आपणच करायचं. कथा महिनाभर ड्रॉवरमध्ये टाक, मग मोठ्यानं वाच, जीभ अडखळेल तिथे खूण कर. पाठवताना युनिकोडमध्ये, शब्दमर्यादा पाळून, आणि प्लीज एका वेळी एकाच अंकाला. मी एकदा उत्तर येईना म्हणून तीच कथा दुसरीकडे पाठवली आणि दिवाळीत दोन्हीकडे छापून आली, दोन्ही संपादकांचे फोन एकाच दुपारी. अजून लाज वाटते.

गवतीचहा
थँक्यू सगळ्यांना. यंदा राहू दे म्हणतेय. खोडरबर, तुमचं ऐकून काल आईलाच फोनवर वाचून दाखवलं. दुःखाच्या वाक्याला नुसती हसली. मग काकांचं आंब्याचं वाक्य वाचलं तर म्हणाली, "आंबा कुठला आलाय आपल्या बांधाला, बाभळ हुती. आन् ती तुझ्या मामानं इकायच्या आधीच तोडून न्हेली." मामाचं हे मला माहीतच नव्हतं. कथेत मामाच नाहीये अजून.