आयबीएम एमक्यू : रिप्लाय क्यूमध्ये दिसतोय, तरी एमक्यूगेट २०३३ देतंय

रांगेत_उभा :

नमस्कार मंडळी.

प्रोग्रामांमध्ये क्यूमार्फत (रांगेतून) मेसेज पोचवणारं आयबीएम एमक्यू आम्ही वापरतो. लिनक्सवर सी मधला एक प्रोग्राम चालतो, त्याचे चार इन्स्टन्स (एकाच वेळी चालणाऱ्या प्रती) आहेत. चौघांची मिळून एकच रिप्लाय क्यू आहे. उत्तर देणारे प्रोग्राम झेड-ओएसवर (आयबीएम मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टिम) कोबोलमध्ये आहेत. आमच्या बाजूचा क्रम असा : एमक्यूपुट (मेसेज क्यूत टाकणं) झालं की डिस्क्रिप्टरमध्ये (मेसेजची माहिती ठेवणारं स्ट्रक्चर) परत आलेला मेसेज-आयडी उचलायचा, गेटसाठीच्या वेगळ्या डिस्क्रिप्टरच्या कोरेल-आयडीत (रिप्लाय कुठल्या रिक्वेस्टचा ते जुळवणारा आयडी) टाकायचा आणि वेट-इंटर्व्हल ३०००० देऊन एमक्यूगेट (क्यूतून मेसेज काढून घेणं) करायचं. मॅच-ऑप्शन्समध्ये फक्त 'मॅच कोरेल-आयडी' दिलं आहे, त्यामुळे मेसेज-आयडीकडे पाहिलं जाणार नाही असं गृहीत धरलं आहे.

प्रोग्राम नव्याने सुरू केला की पहिल्या रिक्वेस्टचा रिप्लाय बरोबर मिळतो. दुसऱ्यापासून प्रत्येक वेळी ३० सेकंद थांबून २०३३, म्हणजे 'जुळणारा मेसेज नाही'. करंट-डेप्थ (क्यूतल्या मेसेजची संख्या) मात्र दर रिक्वेस्टमागे एकने वाढते, म्हणजे रिप्लाय येतायत. दुसऱ्या एका सेवेचं तर पहिलं उत्तरही कधी जुळत नाही.

डेप्थ ३००० च्या वर गेली आहे. मॅक्स-डेप्थ मूळचीच ५००० आहे. ती भरली तर काय होईल? आणि चार इन्स्टन्सना एकच क्यू देणं मुळात चुकीचं आहे का?

---

हेक्स_वाचक :

पहिला रिप्लाय मिळतो आणि नंतरचे नाहीत, यावरून दोष कुठे आहे ते जवळजवळ नक्की सांगता येतं. एमक्यूगेट यशस्वी झालं की आलेल्या मेसेजचे मेसेज-आयडी आणि कोरेल-आयडी तुमच्या डिस्क्रिप्टरमध्ये लिहिले जातात. पुढच्या फेरीत तुम्ही कोरेल-आयडी नवा टाकता, पण मेसेज-आयडीच्या जागी मागच्या रिप्लायचाच आयडी राहिलेला असतो. क्यू मॅनेजर (क्यू सांभाळणारा एमक्यूचा सर्व्हर) मग दोन्ही जुळणारा मेसेज शोधतो. तसा मेसेज असूच शकत नाही.

'मी तर फक्त कोरेल-आयडी म्हटलं होतं' हे खरं आहे, पण एमक्यूजीएमओचं (गेटचे पर्याय देणारं स्ट्रक्चर) व्हर्जन पाहा. एमक्यूजीएमओ_डिफॉल्टने स्ट्रक्चर तयार केलं की व्हर्जन १ असतं, आणि मॅच-ऑप्शन्स हे फील्ड व्हर्जन २ पासून आहे. व्हर्जन १ असताना त्यात काहीही लिहा, क्यू मॅनेजर ते वाचत नाही आणि एररही देत नाही. तो मूळ नियमाने, म्हणजे दोन्ही आयडी जुळवूनच, मेसेज शोधतो.

म्हणून व्हर्जन २ करा, आणि शिवाय प्रत्येक गेटच्या आधी मेसेज-आयडीत एमक्यूएमआय_नन, म्हणजे २४ शून्य बाइट, भरा. दोन्ही करा. व्हर्जनची ओळ उद्या कुणी साफसफाईत काढली तरी दुसरी ओळ सांभाळून घेईल.

पुटच्या बाजूलाही हाच सापळा आहे आणि तो जास्त घातक आहे. रिक्वेस्टचा डिस्क्रिप्टर तुम्ही पुन्हा वापरत असाल आणि मेसेज-आयडी कोरा केला नसेल, तर दुसरी रिक्वेस्ट पहिलीच्याच आयडीने जाते. क्यू मॅनेजर ते अडवत नाही, कारण एकाच आयडीचे दोन मेसेज असणं त्याच्या दृष्टीने चूक नाही. मग दोन रिप्लाय एकाच कोरेल-आयडीने येतात. पहिल्या रिक्वेस्टचा उशिरा आलेला रिप्लाय दुसरीला मिळाला की एका ग्राहकाची शिल्लक दुसऱ्याच्या पडद्यावर दिसते. २०३३ निदान आपलं अस्तित्व सांगतो, इथे सगळं यशस्वी दिसतं. म्हणून पुट-ऑप्शन्समध्ये एमक्यूपीएमओ_न्यू_एमएसजी_आयडी कायम द्या.

दुसऱ्या सेवेबद्दल अंदाज बांधण्यापेक्षा रिप्लाय क्यूवर एएमक्यूएसबीसीजी हा एमक्यूसोबत येणारा नमुना प्रोग्राम चालवा. क्यूचं नाव आणि क्यू मॅनेजरचं नाव एवढंच लागतं. तो मेसेज फक्त पाहतो, काढत नाही, आणि डिस्क्रिप्टर हेक्समध्ये छापतो. रिक्वेस्टचा मेसेज-आयडी आणि रिप्लायचा कोरेल-आयडी शेजारी ठेवून इथे टाका.

---

कमिट_आधी :

वरच्या उत्तरात एक भर. डेप्थ वाढली म्हणजे रिप्लाय घेण्याजोगा आहेच असं नाही. करंट-डेप्थमध्ये कमिट न झालेले (अजून पक्के न झालेले, म्हणून इतरांना न मिळणारे) मेसेजही मोजले जातात. 'डिस्प्ले क्यू-स्टेटस' मध्ये अनकॉम पाहा. तिथे शून्य किंवा 'नो' सोडून काही दिसलं तर त्या क्यूवरचं कुणाचं तरी पुट किंवा गेट अजून कमिट व्हायचं बाकी आहे.

तुमच्या बाजूलाही तसंच. रिक्वेस्ट सिंकपॉइंटमध्ये (म्हणजे कमिट झाल्यावरच लागू होईल अशी) टाकून, कमिट न करता, त्याच युनिट-ऑफ-वर्कमध्ये (एकत्र कमिट होणारा कामांचा गट) रिप्लायची वाट पाहिली तर ती रिक्वेस्ट समोरच्याला दिसणारच नाही. काहीच सांगितलं नाही तर झेड-ओएसवर पुट सिंकपॉइंटमध्ये धरलं जातं आणि लिनक्सवर बाहेर. एकच कोड दोन्हीकडे वेगळा वागतो तो यामुळे. सिंकपॉइंट हवा की नको, ते प्रत्येक पुट-गेटला स्पष्ट लिहा. रिक्वेस्टच्या पुटला नो-सिंकपॉइंट ठीक. उत्तर देणाऱ्याने मात्र रिक्वेस्टचं गेट आणि रिप्लायचं पुट एकाच युनिटमध्ये ठेवावं, नाहीतर मध्ये तो पडला तर रिक्वेस्टही गेली आणि रिप्लायही नाही.

---

रांगेत_उभा :

व्हर्जन १ च होतं. व्हर्जन २ केलं आणि मेसेज-आयडी कोरा केला, पहिली सेवा सुरळीत झाली. न्यू_एमएसजी_आयडीही घातलं. अनकॉम शून्य आहे.

दुसऱ्या सेवेत रिक्वेस्टचा मेसेज-आयडी ४१ ४डी ५१ २० ने सुरू होतो. रिप्लायचा कोरेल-आयडी सी१ डी४ डी८ ४० ने. पुढचे बाइटही वेगळे आहेत. या सेवेच्या वाटेत एक मधला प्रोग्राम आहे. तो डिस्क्रिप्टर पुढे नेत नाही, म्हणून आम्ही आयडीचे २४ बाइट मेसेजच्या सुरुवातीलाच ठेवतो आणि कोबोल प्रोग्राम तिथून उचलून कोरेल-आयडीत टाकतो.

---

हेक्स_वाचक :

मग कारण समोरच आहे. ४१ ४डी ५१ २० म्हणजे आस्कीमध्ये 'एएमक्यू' ही तीन अक्षरं आणि एक स्पेस. सी१ डी४ डी८ ४० म्हणजे तीच चार अक्षरं एब्सिडिकमध्ये, म्हणजे मेनफ्रेमच्या अक्षरसंकेतात. तुमचा मेसेज एमक्यूएसटीआर (निव्वळ मजकूर) फॉरमॅटचा आहे आणि पलीकडे कन्व्हर्ट (अक्षरसंकेत बदलण्याचा पर्याय) देऊन गेट होतंय, तेव्हा सगळा मजकूर अक्षरं समजून बदलला गेला, त्यात हे २४ बाइटही. डिस्क्रिप्टरमधले मेसेज-आयडी आणि कोरेल-आयडी बाइट प्रकारचे असतात, त्यांना कन्व्हर्जन हात लावत नाही. मजकुरात ठेवलेल्या आयडीला ते संरक्षण नाही.

पलीकडे उलट कन्व्हर्जन करून भागवू नका. आयडीचा पुढचा भाग क्यू मॅनेजरच्या नावाची पहिली १२ अक्षरं आणि शेवटचे ८ बाइट घड्याळावरून काढलेले असतात. त्या ८ मध्ये कुठलाही बाइट येऊ शकतो, आणि ज्याला दुसऱ्या कोडपेजमध्ये (अक्षरसंकेताच्या तक्त्यात) जोडीदार नाही तो परत जसाच्या तसा येईल याची खात्री नसते. मग हजारात एखादाच रिप्लाय हरवतो, आणि तो शोधणं आजच्यापेक्षा कठीण. २४ बाइटचे ४८ हेक्स अक्षरांत रूपांतर करा, मजकुरात ती ४८ अक्षरं पाठवा, कोबोलने त्यांचे पुन्हा २४ बाइट करून कोरेल-आयडीत भरावेत. अक्षरं कन्व्हर्ट झाली तरी 'डी' चा 'डी'च राहतो. मधला प्रोग्राम तुमच्या हातात असेल तर त्याला डिस्क्रिप्टर पुढे न्यायला लावणं सगळ्यात चांगलं.

जाता जाता, रिप्लायचा स्वतःचा मेसेज-आयडी सी३ ई२ डी८ ४० ने सुरू होताना दिसेल. ते बरोबर आहे. झेड-ओएसचा क्यू मॅनेजर स्वतः बनवलेल्या आयडीला ती खूण लावतो.

---

मुदतवाला :

क्यू भरली तर काय, याला अजून कुणी हात लावला नाही.

मेनफ्रेमवरून रिप्लाय चॅनेलने (दोन क्यू मॅनेजरना जोडणारा दुवा) येतात. ५००० झाले की तुमच्या बाजूच्या रिसीव्हरला (चॅनेलचं घेणारं टोक) २०५३, म्हणजे 'क्यू भरली', मिळतो. त्याची मूळची सेटिंग १० वेळा, दर वेळी १००० मिलिसेकंद थांबून, पुन्हा प्रयत्न करायची आहे. म्हणजे न मावणाऱ्या एकेका रिप्लायमागे दहा सेकंद, आणि तेवढा वेळ त्याच चॅनेलवरचे इतर ॲप्लिकेशनचे मेसेजही खोळंबतात. त्यानंतर मेसेज डेड-लेटर क्यूत (पोचवता न आलेल्या मेसेजची क्यू) जातो. ती क्यूच नेमलेली नसेल तर पर्सिस्टंट (डिस्कवर जपून ठेवलेल्या) मेसेजपायी चॅनेल बंद पडतं आणि फास्ट नॉन-पर्सिस्टंट मेसेज टाकून दिले जातात. मॅक्स-डेप्थ वाढवणं म्हणजे हाच दिवस पुढे ढकलणं.

बेवारस रिप्लाय साठू नयेत यासाठी रिक्वेस्टला एक्स्पायरी (मेसेजची मुदत) द्या. एकक नीट पाहा : वेट-इंटर्व्हल मिलिसेकंदात असतो, एक्स्पायरी सेकंदाच्या दहाव्या भागात. ३० सेकंदांसाठी एकीकडे ३००००, दुसरीकडे ३००. एक्स्पायरीतही ३०००० लिहिलं तर ती ५० मिनिटं होते. सोबत डिस्क्रिप्टरच्या रिपोर्ट फील्डमध्ये एमक्यूआरओ_पास_डिस्कार्ड_अँड_एक्स्पायरी द्या, म्हणजे रिक्वेस्टची उरलेली मुदत रिप्लायला लागेल. पण साध्या पुटमध्ये हे काम क्यू मॅनेजर परस्पर करत नाही. रिपोर्ट फील्ड वाचून तसं वागणं ही उत्तर देणाऱ्या प्रोग्रामची जबाबदारी आहे, तेव्हा कोबोलवाल्यांशी लेखी ठरवून घ्या. मेसेज-आयडी कोरेल-आयडीत उतरवण्याचंही तसंच. तो मूळचा संकेत आहे, पण पाळायचा प्रोग्रामने.

आत्ताच्या ३००० साठी : क्यू रिकामी करणारी 'क्लिअर क्यू-लोकल' ही कमांड कुणीही क्यू उघडलेली असताना चालत नाही, म्हणजे चारही इन्स्टन्स थांबवावे लागतील. थांबवता येत नसतील तर छोटा प्रोग्राम लिहा. ब्राउझ करत (मेसेज न काढता पाहत) जायचं, पुट-डेट आणि पुट-टाइम ठरावीक वेळेपेक्षा जुने असतील तर कर्सरखालचा मेसेज गेट करून काढायचा. पुट-टाइम जीएमटीत असतो. भारतीय वेळेशी थेट तुलना केली तर आत्ता आलेला रिप्लायही साडेपाच तास जुना वाटेल आणि जिवंत रिप्लाय उडवले जातील.

---

कमिट_आधी :

चौघांत एक क्यू असणं चुकीचं नाही. कोरेल-आयडीने घेत असाल तर कुणी कुणाचा रिप्लाय पळवत नाही. रिप्लाय क्यू झेड-ओएसवर असती तर मात्र तिला इंडेक्स-टाइप कोरेल-आयडी द्यावाच लागला असता, नाहीतर प्रत्येक गेटला सगळी क्यू चाळली जाते.

दर इन्स्टन्सला स्वतंत्र क्यू हवी असेल तर मॉडेल क्यूवरून (क्यूचा साचा) टेम्पररी डायनॅमिक, म्हणजे प्रोग्रामपुरती तात्पुरती क्यू बनवता येते. सुरुवातीला एकदाच उघडा, दर रिक्वेस्टला नाही, ते फार महाग पडतं. तिच्यात पर्सिस्टंट मेसेज चालत नाही, २०४८ ही एरर येते. समोरचा रिक्वेस्टची पर्सिस्टन्स रिप्लायला लावत असेल तर रिक्वेस्टच नॉन-पर्सिस्टंट पाठवा. इन्स्टन्स पडला की क्यूही जाते आणि मागाहून आलेले रिप्लाय थेट डेड-लेटरमध्ये जमतात.

आणि रिप्लाय-टू-क्यू-मॅनेजर कोरं ठेवलं की जिथे पुट केलं त्याच क्यू मॅनेजरचं नाव भरलं जातं. क्लायंट मध्येच रीकनेक्ट होऊन दुसऱ्या क्यू मॅनेजरवर गेला तर रिप्लाय पहिल्याकडे पडून राहतो आणि इकडे २०३३.

---

रांगेत_उभा :

पुढे आम्हाला वीस-पंचवीस थ्रेड रिक्वेस्ट पाठवणारे आणि एकच थ्रेड रिप्लाय उचलून मॅपमधून योग्य थ्रेडला देणारा, अशी रचना करायची आहे. मॅपची किल्ली मेसेज-आयडी. चालेल?

---

हेक्स_वाचक :

मेसेज-आयडी किल्ली केली तर शर्यत लागते. तो पुट संपल्यावरच हाती येतो, आणि मॅपमध्ये नोंद होण्याआधी रिप्लाय येऊन पोहोचू शकतो. उचलणाऱ्या थ्रेडला नोंद सापडत नाही, तो रिप्लाय बेवारस समजून टाकतो. कमी ताणावर हे कधी दिसत नाही, लोड टेस्टला दिसतं.

कोरेल-आयडी स्वतः बनवा : यूयूआयडीचे (एकमेव असा यादृच्छिक आयडी) १६ बाइट आणि उरलेल्या ८ मध्ये इन्स्टन्सची खूण. आधी मॅपमध्ये नोंद करा, मग पुट. रिपोर्टमध्ये एमक्यूआरओ_पास_कोरेल_आयडी द्या, आणि कोबोल प्रोग्राम तो पर्याय खरंच पाळतो का हे एएमक्यूएसबीसीजीने तपासा. नोंद नसलेला रिप्लाय लॉगमध्ये हेक्स आयडीसह लिहून सोडून द्या, त्यावर प्रोग्राम पाडू नका. वाट पाहून थकलेल्या थ्रेडने आपली नोंद मॅपमधून स्वतः काढावी, नाहीतर मॅप फुगत जातो. या रचनेत गेट कोरेल-आयडीशिवाय होतं, त्यामुळे दर इन्स्टन्सला स्वतंत्र क्यू लागेलच. सामायिक क्यूवर एक इन्स्टन्स दुसऱ्याचे रिप्लाय उचलेल.

जोडताना वेगळं काही सांगितलं नाही तर कनेक्शन हँडल एका थ्रेडचं असतं. उचलणाऱ्या थ्रेडला स्वतःचं कनेक्शन द्या, आणि ते पाठवणाऱ्यांच्याच क्यू मॅनेजरला जोडलेलं असू द्या.

---

जावा_खिडकी :

हेच जेएमएसमधून (जावाचा मेसेजिंग एपीआय) करणाऱ्यांसाठी. जेएमएस-कोरेलेशन-आयडीत यूयूआयडी मजकूर म्हणून टाकू नका. तो ३६ अक्षरांचा असतो, डिस्क्रिप्टरच्या कोरेल-आयडीत त्याचे पहिले २४ बाइटच मावतात. पूर्ण मजकूर आरएफएच२ या मेसेजसोबतच्या जादा हेडरमध्ये जातो, पण कोबोल प्रोग्राम डिस्क्रिप्टरमधलं तेवढंच परत पाठवतो आणि सिलेक्टर (कुठले मेसेज हवेत ती अट) जुळत नाही. 'आयडी:' आणि पुढे ४८ हेक्स अक्षरं असं रूप द्या. सिलेक्टरही जेएमएस-कोरेलेशन-आयडी बरोबर तेच, एवढाच ठेवा. मग शोध कोरेल-आयडीवर थेट होतो. त्यात दुसरी एखादी प्रॉपर्टी जोडली की क्यू मॅनेजरला मेसेज एकेक करून तपासावे लागतात, आणि क्यूत बेवारस रिप्लाय साठलेले असतील तर तो फरक लगेच जाणवतो.