कॅथलिक लोक बायबल शब्दशः घेतात की प्रतीक म्हणून? सोयीचं तेवढं खरं, असं तर नाही ना?

मिरज_वाचनगट:
नमस्कार मंडळी. आमच्या वाचनगटात सध्या जुन्या करारातली उत्पत्ती आणि योना ही दोन पुस्तकं चालू आहेत. मिरजेत प्रेस्बिटेरियन मिशनचा वारसा जुना, त्यामुळे गटात प्रॉटेस्टंट मंडळी जास्त, कॅथलिक दोन-तीनच आणि बाकी आमच्यासारखे हिंदू वाचक. सहा दिवसांत सृष्टी आणि माशाच्या पोटात तीन दिवस, इथं गाडी अडली आहे. कॅथलिक सभासद म्हणतात, हे शब्दशः धरायचं नसतं. त्यावर बाकीचे विचारतात, मग येशूचं पुनरुत्थान आणि शेवटच्या भोजनात भाकरीविषयी तो म्हणाला ते 'हे माझं शरीर आहे' हे वाक्य तुम्ही शब्दशः कसं धरता? यामागे ठरलेली काही पद्धत आहे का? असेल तर नीट पायरीपायरीनं सांगा. आणि शेवटी अर्थ ठरवतं कोण?

कृष्णाकाठ:
दादा, पद्धत आहे आणि ती लेखी आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं (जगभरच्या कॅथलिक बिशपांची परिषद) १८ नोव्हेंबर १९६५ रोजी 'देई व्हर्बुम' हा दस्तऐवज मंजूर केला. त्याचा १२ वा परिच्छेद तुमच्या प्रश्नावरच आहे. पण ही वाट एकदम १९६५ मध्ये निघालेली नाही. पोप तेरावे लिओ यांनी १८९३ मध्ये आणि पोप बारावे पायस यांनी १९४३ मध्ये बायबलच्या अभ्यासावर परिपत्रकं काढली होती. मूळ हिब्रू आणि ग्रीक पाठ बघा, त्या काळची लिहिण्याची रीत समजून घ्या, हे १९४३ च्या पत्रात स्पष्टच सांगितलं आहे.

पहिली पायरी: समोरचा उतारा कोणत्या जातीचा आहे ते ओळखा. इतिहास, काव्य, कायदा, भविष्यवाणी, दृष्टांत, म्हणी, पत्र, सगळं या एका ग्रंथात आहे. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, ही खात्याची नोंद. त्याच पुरावर शाहीर 'कृष्णामाई कोपली' म्हणाला तर त्याला कोणी खोटारडा म्हणत नाही, आणि त्याच्या कवनावरून कोणी पाण्याची पातळीही काढत नाही. लेखकाला जे सांगायचं होतं तो शाब्दिक अर्थ. लेखक रूपकात बोलला असेल तर रूपकातून त्याला जे म्हणायचं आहे तोच शाब्दिक अर्थ होतो. तेराव्या शतकात धर्मपंडित थॉमस अक्वायनस यांनी उदाहरण दिलं आहे: शास्त्रात 'देवाचा हात' म्हटलं की शाब्दिक अर्थ देवाचं सामर्थ्य, हाडामांसाचा हात नव्हे. तुमच्या गटात घोळ होतोय तो इथंच. 'शब्दशः की प्रतीक' असे दोनच कप्पे केले की प्रत्येक उतारा कुठल्या तरी एकात कोंबावा लागतो.

दुसरी पायरी: निघालेला अर्थ तीन ठिकाणी तपासा. संपूर्ण बायबलशी जुळतो का, ख्रिस्तसभेच्या (म्हणजे चर्चच्या) जिवंत परंपरेशी जुळतो का, आणि श्रद्धेच्या बाकीच्या सत्यांशी त्याचा मेळ बसतो का. एकट्या ओळीवर इमारत उभी करायची नाही.

तिसरी पायरी आध्यात्मिक अर्थाची. त्याचे तीन पदर आहेत: ख्रिस्ताकडे बोट दाखवणारा, आचरण शिकवणारा आणि अंतिम मुक्कामाकडे नेणारा. निर्गम १४ घ्या. इस्राएली लोक समुद्र ओलांडून मिसरचा राजा फारो याच्या तावडीतून सुटले, हा शाब्दिक अर्थ. प्रेषित पौलानं १ करिंथ १० मध्ये त्यात बाप्तिस्मा पाहिला, हा पहिला पदर. पापाची गुलामी सोडून निघणं हा दुसरा, आणि मरणातून अनंत जीवनात जाणं हा तिसरा. ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या विधीत जुन्या करारातली सात वाचनं असतात. वेळेअभावी ती कमी करता येतात, पण निर्गम १४ कधीच गाळत नाहीत, ते यामुळेच.

क्रम मात्र उलटा करू नका. आध्यात्मिक अर्थ शाब्दिक अर्थावरच उभा राहायला हवा, हे अक्वायनस यांनी सांगितलं आणि १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात (परिच्छेद ११५ ते ११९) तेच आलं आहे.

आता सहा दिवस. उत्पत्तीचा पहिला अध्याय दोन स्तंभांत लिहून काढा. पहिल्या दिवशी उजेड आणि अंधार, चौथ्या दिवशी सूर्य, चंद्र, तारे. दुसऱ्या दिवशी आकाश आणि पाणी वेगळं, पाचव्या दिवशी पक्षी आणि जलचर. तिसऱ्या दिवशी कोरडी जमीन आणि वनस्पती, सहाव्या दिवशी जनावरं आणि माणूस. आधी तीन जागा तयार होतात, मग त्याच क्रमानं त्या भरतात आणि सातव्या दिवशी विसावा. सूर्य चौथ्या दिवशी आला, तर त्याआधी 'संध्याकाळ झाली, सकाळ झाली' कसं? लेखकाला हे कळत नव्हतं असं समजणं म्हणजे त्याचा अपमान आहे. तो घड्याळाची वेळ सांगत नाही. सूर्य-चंद्र हे देव नसून देवानं लावलेले दिवे आहेत आणि आठवड्याच्या विसाव्याची मुळं सृष्टीतच आहेत, हे तो सांगतोय. शेजारची राष्ट्रं सूर्य-चंद्राची पूजा करत होती, हे ध्यानात घेतलं की त्या अध्यायाची धार कळते. शिवाय दुसऱ्या अध्यायात क्रमच वेगळा आहे, तिथं माणूस आधी आणि जनावरं नंतर. दोन्ही वृत्तांत शेजारी ठेवणाऱ्याला हा फरक दिसत होता.

आणि ही डार्विनला घाबरून काढलेली पळवाट मुळीच नाही. संत ऑगस्टीन यांनी पाचव्या शतकाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलं की हे दिवस आपल्या नेहमीच्या दिवसांसारखे धरता येत नाहीत.

साताराकर:
वरचं उत्तर पटलं, पण एक कड राहिली. प्रतीकात्मक भाषा म्हणजे 'काही घडलंच नाही' असं कॅथलिक मानत नाहीत. उत्पत्ती ३ बद्दल धर्मशिक्षण ग्रंथाचा ३९० वा परिच्छेद म्हणतो की भाषा प्रतिमांची आहे, पण मानवी इतिहासाच्या आरंभी घडलेली खरी घटना ती सांगते. सर्प, फळ, झाड या प्रतिमा. माणसानं देवाविरुद्ध केलेली निवड खरी. हे दोन्ही एकत्र धरावं लागतं.

आता पुनरुत्थान. इथं लेखनाचा प्रकारच वेगळा आहे. १ करिंथ १५:३-८ वाचा. पौल साक्षीदारांची यादी देतो: केफा (म्हणजे पेत्र), बारा जण, पाचशेहून अधिक बंधू ज्यांतले बहुतेक अजून हयात आहेत, याकोब, मग तो स्वतः. पुढे १४ व्या ओवीत म्हणतो, ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ. रूपक सांगणारा माणूस 'हयात आहेत' असं कशाला लिहील? लेखक घटना म्हणून सांगतोय, म्हणून घटना म्हणून वाचायचं. नियम तोच, उतारा वेगळा. सोयीचा प्रश्न येतच नाही.

'हे माझं शरीर आहे' याचंही तसंच. येशू 'मी दार आहे' असंही म्हणतो (योहान १०), आणि तिथं कोणी बिजागरी शोधत नाही. पण योहान ६ मध्ये 'माझं मांस खा' हे ऐकून ऐकणारे बिथरतात, ६६ व्या ओवीत पुष्कळ शिष्य सोडून जातात आणि येशू त्यांना 'अहो, मी उपमा देत होतो' म्हणून परत बोलावत नाही. पौल १ करिंथ ११ मध्ये बजावतो की जो अयोग्य रीतीनं ही भाकर खातो तो प्रभूच्या शरीराविषयी दोषी ठरतो. आरंभापासूनच्या ख्रिस्तसभेनंही हे असंच घेतलं. प्रॉटेस्टंट मंडळींना हा निष्कर्ष मान्य नसेल, पण कॅथलिक तो कशावरून काढतात ते त्यांना दाखवता येईल.

शुभवर्तमानांतले (येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार पुस्तकांतले) फरक पुढं निघतीलच, म्हणून आत्ताच सांगतो. मत्तय ४ आणि लूक ४ मध्ये सैतानाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या मोहाचा क्रम उलटा आहे. प्रभूची प्रार्थना मत्तयात लांब, लूकमध्ये आखूड. पोपच्या बायबल आयोगानं १९६४ मध्ये तीन टप्पे सांगितले: येशूनं केलं आणि शिकवलं, प्रेषितांनी त्याचा प्रचार केला, मग शुभवर्तमानकारांनी निवडून, मांडून लिहिलं. क्रम बदलला म्हणून घटना खोटी ठरत नाही.

मिरज_वाचनगट:
दोघांचेही आभार. स्तंभांची युक्ती उद्याच करून बघतो. पण 'कोण ठरवतं' हे अजून राहिलं. प्रत्येक ओवीचा अधिकृत अर्थ रोमहून येतो का?

पाचगणी_वाचक:
नाही हो. हा गैरसमज फार पसरलेला आहे. अधिकृत अर्थ लावायचं काम पोप आणि त्यांच्याशी एकात्म असलेल्या बिशपांचं, हे खरं. पण 'देई व्हर्बुम'चा १० वा परिच्छेद म्हणतो की हा अधिकार देवाच्या वचनाच्या वर नाही, त्याच्या सेवेला आहे. आणि ज्या ओव्यांचा अर्थ औपचारिकपणे बांधून दिला आहे त्या थोड्याच आहेत. सोळाव्या शतकातल्या ट्रेंट परिषदेनं काही दिल्या: योहान ३:५ मधलं 'पाणी' म्हणजे खरोखरचं पाणी, योहान २०:२३ म्हणजे पापक्षमेचा संस्कार, याकोब ५:१४ म्हणजे आजाऱ्याला तेल लावण्याचा संस्कार. बाकी बहुतेक ठिकाणी अभ्यासकांना मोकळीक आहे, श्रद्धेच्या कुंपणाच्या आत.

चुका दोन्ही बाजूंनी होतात. एक टोक म्हणजे ओवी उचलायची आणि जशीच्या तशी लागू करायची. मत्तय ५:२९ मध्ये 'डोळा उपटून टाक' आहे, ती अतिशयोक्ती आहे. मत्तय १९:१२ मधलं 'स्वर्गराज्यासाठी खच्ची झालेले' हे वाचून कोणी स्वतःचं खच्चीकरण करू नये म्हणून ३२५ सालच्या निकेया परिषदेचा पहिलाच नियम अशा माणसाला धर्मगुरू होण्यापासून रोखतो. १९९३ मध्ये बायबल आयोगानं अशा अक्षरचिकट वाचनाला धोकादायक म्हटलं, तेव्हा पाठीशी इतका जुना अनुभव होता.

दुसरं टोक म्हणजे सगळ्याचं रूपक करणं. वाटेत लुटून टाकलेल्या माणसाला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टांतात ऑगस्टीन यांनी शोमरोनी म्हणजे ख्रिस्त, धर्मशाळा म्हणजे ख्रिस्तसभा, धर्मशाळेचा मालक म्हणजे पौल असं लावलं आहे. सुंदर आहे, मला स्वतःला आवडतं. पण तेवढ्यावर थांबलात तर लूक १०:२९ मधला 'माझा शेजारी कोण?' हा प्रश्न आणि ३७ व्या ओवीतलं 'जा, तूही तसंच कर' हे हातातून निसटतं. रस्त्यावर पडलेला माणूस तिथंच पडून राहतो.

एक व्यावहारिक सूचना. गटात सगळ्यांच्या हातात एकच आवृत्ती आहे का ते आधी बघा. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं, प्रॉटेस्टंटमध्ये ६६. टोबित, यहूदीथ, ज्ञानग्रंथ, सिराख, बारूख आणि मक्काबींची दोन ही सात जुन्या करारात जास्त आहेत, शिवाय एस्तेर आणि दानिएल यांत काही भाग. दानिएल काढलात तर एकाच्या पुस्तकात १२ अध्याय आणि दुसऱ्याच्या १४ निघतील.

कृष्णाकाठ:
योनाबद्दल लिहायचं राहिलं होतं. कॅथलिकांना यात कुठलीच एक बाजू बांधून दिलेली नाही. मासा खरा मानणाराही कॅथलिक, बोधकथा मानणाराही कॅथलिक. योना नावाचा संदेष्टा २ राजे १४:२५ मध्ये आहे, म्हणजे नाव हवेतलं नाही. पण पुस्तकाचा बाज बघा. देवानं योनाला उपदेशाला पाठवलं ते निनवे 'तीन दिवसांच्या वाटेचं' शहर म्हटलंय, तर उत्खननात सापडलेल्या तटबंदीचा घेर सुमारे १२ किलोमीटर आहे. एका वाक्याचा उपदेश ऐकून राजापासून सगळे पालटतात, गुराढोरांनासुद्धा गोणपाट नेसवतात. आज्ञा मोडणारा एकटा संदेष्टाच, परके खलाशी आणि परकं शहर मात्र ऐकतात. म्हणून बरेच कॅथलिक अभ्यासक याला बोधकथा मानतात.

चारच अध्याय आहेत, एका बैठकीत मोठ्यानं वाचा. माशावर एकूण तीनच ओव्या आहेत: १:१७, २:१ आणि २:१० (काही आवृत्त्यांत आकडे एकानं सरकतात). त्यावर तासभर घालवू नका, वेळ चौथ्या अध्यायाला ठेवा. तिथं पुस्तक देवाच्या प्रश्नावर संपतं आणि योनाचं उत्तर लिहिलेलंच नाही. त्यानंतर मत्तय १२:३९-४१ काढा. येशू योनाची खूण कशासाठी वापरतो ते बघा: ४० व्या ओवीत तीन दिवस आणि ४१ व्या ओवीत निनवेकरांचा पश्चात्ताप. दोन्ही वाचा, कारण बहुतेक गट ४० वरच थांबतात.