स्कायरिम (व्हिडिओ गेम): 300 वजनात लूट मावत नाही आणि दुकानदाराकडे पैसे उरत नाहीत

कोथरूडचा_ड्रॅगनबॉर्न
ड्वेमर या लुप्त जमातीच्या अवशेषांत शिरलं की निम्म्या वाटेतच 300 ची मर्यादा संपते. मग धावणं बंद, फास्ट ट्रॅव्हल (नकाशावरून थेट उडी) बंद. रखडत व्हाइटरन शहरात पोचावं, तर दुकानदार बेलेथॉरकडे जेमतेम 750 नाणी. साथीदारही गच्च भरलाय. मॉड (गेम बदलणाऱ्या जास्तीच्या फाइली) न टाकता काय करता येईल? काय उचलायचं, काय सोडायचं?

पेठेतला_लोहार
जुन्या बाजारात भंगाराचा किलोमागे भाव बघतात, तसंच इथे किंमत भागिले वजन करा. लोखंडी ग्रेटसोर्ड 16 वजनाची, किंमत 50, म्हणजे एका वजनाला 3 नाणी. सोन्याची अंगठी पाव वजनाची आणि 75 ची, म्हणजे 300. दहाच्या खाली पडणारं काही उचलू नका.

ड्वेमर भंगाराला मात्र हा हिशोब लावू नका, वितळवल्यावर त्यातून इनगॉट (धातूच्या विटा) किती निघतात ते बघा. वाकडा पत्रा किंवा प्लेट 2 वजनाची, निघतात 3. सॉलिड मेटल 25 वजनाचं, निघतात फक्त 5. मोठा स्ट्रट 20 ला 3. सॉलिड आणि स्ट्रट तिथेच सोडा. कॉग (दातेरी चाक) तर वितळतच नाही. आणखी एक, इनगॉटचं वजन 1 असतं, म्हणजे 2 ची प्लेट वितळवली की 3 वजन होतं. त्यामुळे वाटेत भट्टी दिसली तरी थांबू नका, व्हाइटरनला वॉरमेडन्स या लोहाराच्या दुकानाजवळच्या भट्टीतच वितळवा.

सिंहगड_रोड
लेव्हल वाढताना स्टॅमिना घेतला की दर वेळी 5 वजन वाढतं, हा फार संथ मार्ग. सॉलिट्यूड शहराच्या वायव्येला स्टीड स्टोन हा वरदान देणारा दगड आहे: +100, शिवाय अंगावरच्या चिलखताचं वजन शून्य. पण एका वेळी एकच स्टोन चालतो, वॉरिअर स्टोनचा फायदा जाईल. पिकपॉकेट (खिसे कापण्याचं कौशल्य) 50 झालं की एक्स्ट्रा पॉकेट्स या पर्कने (कौशल्यातून मिळणाऱ्या खास क्षमतेने) आणखी 100.

ओझं जास्त असलं तरी घोड्यावर बसून फास्ट ट्रॅव्हल होतो. घोडा गुहेच्या तोंडाशीच उभा ठेवा. साथीदार भरला असेल तर वस्तू जमिनीवर टाका आणि त्याला उचलायचा हुकूम द्या, तेव्हा मर्यादा लागत नाही. तो मेला तर मात्र सगळं त्याच्या मृतदेहावरच राहतं.

पेठेतला_लोहार
विक्रीबद्दल राहिलं. दुकानदाराकडून आधी खरेदी करा: इनगॉट, सोल जेम (आत्मा साठवणारी रत्नं), बाण. तुमची नाणी त्याच्या थैलीत गेली की तितकाच जास्त माल त्याला विकता येतो. लोहाराकडे 1000 असतात, चिलखतं त्यालाच द्या. थैली 48 तासांनी भरते, वेट (थांबून वेळ पुढे नेणं) एका वेळी 24 तासांचंच, म्हणजे दोनदा करा. वजनाची मर्यादा मला पटते, त्यामुळे निवड करावी लागते. थैलीची नाही पटत, तिथे नुसतं थांबावं लागतं.

कोथरूडचा_ड्रॅगनबॉर्न
आभारी आहे. उरलेला माल गुहेतल्याच पेटीत ठेवला तर चालेल?

सिंहगड_रोड
नको. गुहा साफ केलेली असेल तर 30 दिवसांनी, नसेल तर 10 दिवसांनी रीसेट होते आणि पेटीतलं सगळं जातं. 5000 नाण्यांत व्हाइटरनमधलं ब्रीझहोम हे घर घ्या, तिथल्या पेट्या सुरक्षित आहेत.