‘थंडीची लाट’, ‘गारठा’, ‘पारा’... अंदाजातल्या शब्दांचा नक्की अर्थ काय?

पहाटवारा:
येत्या आठवड्याचा थंडीचा अंदाज वाचत होतो, एकाच परिच्छेदात गारवा, गारठा, कडाका, हुडहुडी आणि थंडीची लाट, सगळं कोंबलेलं. तोच शब्द दोनदा नको म्हणून बातमीदार बदलून बदलून लिहितात हे कळतं, पण वाचणाऱ्याने काय समजायचं? यातला कुठला शब्द मोजमापाचा आणि कुठला नुसता अंगावर काटा आणायला?
मला वाटतं गारवा हवासा असतो आणि गारठा नकोसा. ‘संध्याकाळी काय छान गारठा पडलाय’ असं कुणी म्हणताना ऐकलं नाही. आणि हुडहुडी माणसाला भरते हो, ‘नाशिकला हुडहुडी’ म्हणजे काय, गोदाकाठ कुडकुडतोय का?

नोंदवही:
यादीतला मोजमापाचा शब्द एकच, थंडीची लाट. बाकीचे सगळे आपापल्या कातडीवर अवलंबून. हवामान खात्याच्या हिशोबात सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली हवं आणि शिवाय सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी कमी हवं, तेव्हा लाट. ६.४ पेक्षा जास्त फरक पडला तर तीव्र लाट. म्हणजे जिथली सरासरी ११ आहे तिथे साडेसहापर्यंत उतरायला पाहिजे. नाहीतर मग सरासरी कितीही असो, थेट ४ किंवा खाली गेलं तरी लाटच. किनाऱ्याला सवलत आहे, तिथे १५ किंवा खाली आणि फरक ४.५ चा असला की पुरतं, त्यामुळे कोकणातल्या लाटेत निफाडवाला स्वेटरसुद्धा काढणार नाही कपाटातून.

बागाईतदार:
शब्दांचं सोडा, प्रत्यय बघा आधी. ‘अंशांनी’ आणि ‘अंशांवर’!! मागे एकदा आमच्या मामांनी मोबाईलवर घाईत वाचलं, ‘पारा ४ अंशांनी घसरणार’, आणि डोक्यात बसलं ४ अंशांवर. द्राक्षाचे मणी फुगायला लागलेले, अशात थंडी बसली की फुगवण थांबते नि मणी तडकतात, त्यामुळे मामा रात्री दोनला उठले, बागेत पाणी सोडलं, बांधाबांधाने शेकोट्या पेटवल्या, मला पण उठवलं. सकाळी बघतो तर ११. मामी अजून विचारते, आज ‘नी’ आहे का ‘वर’ आहे म्हणून.

नोंदवही:
😄 आणि त्या वाक्यातला ‘पारा’ पण खरा नाही बरं का. पारंपरिक वेधशाळेत कमाल तापमानाच्या तापमापीत पारा असतो, पण किमानच्या तापमापीत अल्कोहोल असतं. ती जवळजवळ आडवी ठेवलेली असते आणि आत एक बारीकशी काडी असते, तापमान उतरलं की द्रवाचा पृष्ठभाग त्या काडीला मागे ओढत नेतो, चढलं की द्रव तिच्या बाजूने पुढे निघून जातो आणि काडी आहे तिथेच राहते. सकाळी साडेआठला माणूस तिचं टोक बघून आकडा लिहितो. म्हणजे ‘पारा घसरला’ हे हिवाळ्यात अगदीच चुकीचं, पण ‘अल्कोहोल घसरलं’ असं छापलं तर लोक वेगळाच अर्थ घेतील.

खानदेशी:
मला ‘मध्य महाराष्ट्र’ या शब्दाचं कोडं आहे. आम्ही जळगाववाले स्वतःला उत्तर महाराष्ट्र म्हणतो, अंदाजात आमचं नाव शोधतो आणि सापडत नाही, मग कळतं की आपण ‘मध्य’मध्ये.

नोंदवही:
हो, खात्याचे उपविभाग चारच: कोकण व गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ. त्यातल्या मध्यमध्ये खानदेशापासून कोल्हापूरपर्यंत सगळं. म्हणून ‘मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी थंडीची लाट’ वाचून कोल्हापूरकराने घाबरायचं कारण नाही. तुरळक म्हणजे पाव भागापेक्षा जास्त नाही, ‘काही ठिकाणी’ म्हणजे त्याच्या वर पण निम्म्यापर्यंत. आपण बोलताना दोन्ही सारखेच वापरतो, तिथे तसं नसतं.

वऱ्हाडी:
थंडी ‘वाजते’ का म्हणतात हे कुणी सांगेल का, दात वाजतात म्हणून का? आमच्याकडे म्हातारी माणसं हिव वाजते म्हणतात, थंडी शब्द त्यांच्या तोंडात कमीच. हिवाळा, हिवताप, सगळीकडे तेच हिव.

पहाटवारा:
दात वाजतात म्हणून हे ऐकायला गोड आहे पण मला पटत नाही, ऊन लागतं, वारा लागतो, थंडी तेवढी वाजते... बरं, धुकं आणि धुईचं काय?

बागाईतदार:
धुकं फोटो काढायचं, धुई पिकावर पडायची. आंब्याच्या मोहरावर, हरभऱ्यावर धुई आली की शेतकऱ्याचं तोंड उतरतं. ‘धुई छान पडलीय’ कुणी म्हणत नाही, तुमच्या गारठ्यासारखंच. अंदाजात मात्र सगळं धुकंच.

नोंदवही:
तिथे दृश्यमानता १००० मीटरच्या खाली गेली की धुकं, धुईबिई काही नाही. आणखी एक, महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ दव गोठल्याचे फोटो येतात आणि अधिकृत आकडा शून्याच्या बराच वर असतो, मग लोक खात्याला शिव्या घालतात. अहो तापमापी जमिनीपासून चारेक फूट वर पेटीत असते, निरभ्र रात्री गवत त्याहून कितीतरी थंड होतं, शिवाय जड गार हवा खोलगट जागी साचते. दोन्ही खरं.

पहाटवारा:
आता ती बातमी परत उघडली. मथळा ‘थंडीची लाट’, आत ‘किमान तापमान २ अंशांनी घटणार’. आमच्याकडे आज सकाळी १३ होतं. म्हणजे ११, दहाच्या वरच की. मग लाट कसली, गारठा म्हणा.

बागाईतदार:
११ ला मामा पण नाय उठत.